तेरा पॉइंट आणि एक फडकं

१ डिसेंबर, सोमवार

निवृत्तीच्या दिवशी कंपनीने शाल, नारळ, घड्याळ आणि ही डायरी दिली. नारळाची बर्फी झाली, घड्याळ भिंतीवर लागलं, शाल माझ्या बायकोने, कस्तुराने, कपाटात टाकली. डायरी मात्र दीड वर्ष कोरी राहिली, कारण लिहावं असं काही घडतच नव्हतं. आज घडलं. छापलेल्या जुन्या तारखा खोडून लिहितो आहे. आपला लोडर कामाला लागला.

लोडर म्हणजे ट्रॅक्टरला पुढून बसवलेले दोन लोखंडी हात आणि त्यांच्या टोकाला बकेट. इथे महाळुंग्यातच एका फाउंड्रीच्या यार्डात जळकी वाळू साठते, ती उचलून डंपरमध्ये भरायची. दोन महिने चाचणी. ३१ जानेवारीपर्यंत मशीनने दगा दिला नाही तर पुढे वर्षभर काम आपलं. यार्डाचे साहेब रणजीत, जेमतेम तिशीचे, पण स्पष्ट बोलले. म्हणाले, "काका, मशीन उभं राहिलं की माझे डंपर उभे राहतात. मग मी दुसरा लोडर लावीन."

माझ्या मुलाचं, जयदीपचं, मत होतं की साठीला आल्यावर हा उपद्व्याप कशाला. तो तळवड्याला आयटीत आहे. दिवसभर खुर्चीत बसतो, म्हणून त्याला बसणं हेच काम वाटतं. मी दीड वर्ष मारुतीच्या पायरीवर बसून पाहिलं. तिथली मंडळी चांगली आहेत, पण रोज सकाळी "उद्धवराव, काय विशेष?" म्हणून विचारतात आणि विशेष काहीच नसतं. मला परत त्या पायरीवर जायचं नाही, हे इथे लिहून ठेवतो.

चालवायला नवनाथ आहे. बीडकडचा, हात सफाईदार. ग्रीसिंग मात्र मी स्वतः करणार. लोडरचे हात, जॅक आणि बकेट जिथे जिथे पिनेवर फिरतात, तिथे तिथे ग्रीस भरायचा पॉइंट असतो. मी मोजले, तेरा भरले. तक्ता करून शेडमध्ये लावला: तेरा घरं आणि शेवटी सहीची जागा. बुधवार आणि रविवार, संध्याकाळी.

नवनाथ म्हणाला, "आप्पा, चौदा असत्यात." मी परत मोजले. तेराच आहेत.

३ डिसेंबर, बुधवार

पहिलं ग्रीसिंग. ग्रीसगन दाबली की पिनेच्या कडेने ग्रीस बाहेर येतं. ते सगळं कस्तुराच्या जुन्या साडीच्या फडक्याने पुसून काढलं. लोडर असा दिसत होता की लग्नाच्या वरातीत उभा करावा.

सत्तावीस वर्षं मी पेंट शॉपमध्ये काढली. तिथे एक केस पडला तर अख्खं बॉनेट परत जायचं. स्वच्छता मला कोणी शिकवायची गरज नाही. तरी नवनाथ म्हणालाच, "आप्पा, भाईर आल्यालं ग्रीस पुसू नगा. त्येच वाळूला आडवतंय." मी त्याला समजावलं की चिकट जागेवरच वाळू बसते, हे डोळ्यांना दिसतं आहे. शिवाय बजावलं की ग्रीसगनला माझ्याशिवाय कोणी हात लावायचा नाही.

रात्री जेवताना तनुजाही तेच म्हणाली. तनुजा म्हणजे आमची सून, मंचरची. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला आहे, पहिली पाळी. "आप्पा, आमच्या तात्यांचा वीटभट्टीवर लोडर आहे. ते पिनेभोवतीचं ग्रीसचं कडं तसंच ठेवतात. आणि रोज सकाळी मारतात." मी तिला पेंट शॉपमधल्या धुळीबद्दल वीस मिनिटं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि मला आणखी एक भाकरी वाढली. गुणी मुलगी आहे.

९ डिसेंबर, मंगळवार

लोडर किरकिरायला लागला. बकेट वर जाताना उजव्या बाजूने असा आवाज येतो की यार्डातले हमाल मान वळवून बघतात. रणजीत साहेबांनीही बघितलं. 

जेवण गेलं नाही. बराच विचार केला. माझ्या पद्धतीत चूक नाही, तेव्हा चूक ग्रीसमध्ये असणार. ट्रॅक्टरबरोबर आलेलं पिवळं ग्रीस चाकांच्या बेअरिंगला ठीक आहे, पण लोडरच्या पिना हळू फिरतात आणि त्यांच्यावर भार फार. उद्या चाकणला जाऊन नीट चौकशी करतो.

संध्याकाळी नवनाथ फाटकाशी उभा राहून तनुजा आणि कस्तुराशी काहीतरी बोलत होता. मी गेल्यावर तिघं गप्प झाली. सुट्टी हवी असेल, मला विचारायला घाबरतो.

१० डिसेंबर, बुधवार

दुकानदार जाणकार निघाला. त्याने दोन ग्रीस बोटांवर घेऊन दाखवली. म्हणाला, "भार जास्त आणि फिरणं कमी, अशा जागी साधं ग्रीस दाबलं जाऊन निघून जातं. हे मोलीचं, म्हणजे मॉलिब्डेनमचं, काळं घ्या. हे लोखंडाला धरून राहतं." पिवळ्यात काळं मिसळलं तर चालेल का, हेही विचारलं. त्याने जुन्या डब्यावरचं वाचून पाहिलं आणि सांगितलं की हे दोन जमतात, सगळे जमत नाहीत. तरी पिवळं सगळं बाहेर येऊन काळं दिसेपर्यंत मारा. अर्ध्या किलोचे सहा डबे घेतले. निघताना म्हणाला, वाळूत काम असेल तर रोज मारत चला. दुकानदार असं म्हणणारच.

संध्याकाळी तेराही पॉइंटला काळं भरलं आणि लख्ख पुसलं.

१३ डिसेंबर, शनिवार

आवाज बंद. पूर्ण बंद. बकेट लोण्यातून फिरावी तशी फिरते. ग्रीस निवडणं हे शास्त्र आहे आणि ते मला जमलं, असं लिहायला हरकत नाही.

एक नवल मात्र आहे. संध्याकाळी मी पिना पुसतो, आणि सकाळी सातला नवनाथ लोडर बाहेर काढतो तेव्हा प्रत्येक पिनेभोवती काळ्या ग्रीसचं ताजं कडं असतं. पहिल्या दिवशी मी चकित झालो. मग विचार केल्यावर कळलं. पहाटेच्या थंडीने लोखंड आकसतं आणि आतलं ग्रीस आपोआप बाहेर ढकललं जातं. पिवळं ग्रीस पातळ, त्याला हे जमत नव्हतं. सकाळी घाई असते म्हणून पुसायचं राहतं, संध्याकाळी पुसतो.

२० डिसेंबर, शनिवार

नवनाथ हल्ली शेडमध्ये लोडर लावताना बकेट सपाट जमिनीवर टेकवून ठेवतो. मला ती लाकडी ठोकळ्यांवर आवडते, खालून माती लागत नाही. विचारलं तर म्हणतो, "पिनेवरचा भार हलका ऱ्हातो, आप्पा." भार हलका राहून रात्रीत कोणाला काय करायचं आहे? पण ऐकलं त्याचं. ऐकून घेणाऱ्याला माणसं टिकतात.

कस्तुराला खोकला झाला आहे. पहाटे उठून अंगणात जाते. म्हटलं, तुळशीला पाणी सात वाजता घाल, तुळस कुठे पळून जात नाही. "व्हय," म्हणाली आणि शाल मागितली. कंपनीची शाल अखेर कपाटातून निघाली.

२७ डिसेंबर, शनिवार

आज मन खट्टू आहे. सहा डब्यांपैकी चार संपले. माझ्या हिशोबाने दोनच संपायला हवेत. शेडची किल्ली माझ्याकडे आणि नवनाथकडे. गावात अजून दोन लोडर आहेत, त्यांच्या ड्रायव्हरांशी याची उठबस असते.

मी त्याला सरळच विचारलं.  तो म्हणाला, "मी न्हाई नेलं, आप्पा. पर ग्रीस वाया गेल्यालं नाय, येवढं ध्यानात ठिवा." याला काय उत्तर म्हणायचं? मी जरा जास्तच बोललो. शेडची किल्ली त्याच्याकडून काढून घेतली आणि घरात खुंटीला टांगली. 

तनुजा तिथेच उभी होती. तिचा चेहरा उतरला. पुढे येऊन काही बोलणार होती, पण नवनाथने मान हलवली आणि ती आत गेली. हळवी आहे, आवाज चढलेला तिला चालत नाही.

तिच्या ड्रेसच्या बाहीवर काळा डाग होता. कंपनीत लागला म्हणाली. क्वालिटीच्या माणसाच्या बाहीवर डाग म्हणजे त्या कंपनीची शिस्त काय असेल.

६ जानेवारी, मंगळवार

उत्तम दिवस. रणजीत साहेबांनी बोलावून चहा पाजला. म्हणाले, "काका, महिना झाला, एक तास मशीन थांबलं नाही. मागच्या पार्टीची पिन तिसऱ्या आठवड्यात गेली होती." मी त्यांना काळ्या ग्रीसचं आणि थंडीचं शास्त्र समजावलं. त्यांनी भुवया वर करून सगळं ऐकलं. तरुण इंजिनीयर, पुस्तकात न मिळणारी गोष्ट ऐकली की असंच होतं.

परत येताना मुद्दाम मारुतीवरून आलो. "काय विशेष?" म्हणून विचारलं. म्हटलं, वेळ नाही, लोडर येईल इतक्यात.

१४ जानेवारी, बुधवार

संक्रांत. तनुजाने लोडरला हळदकुंकू लावलं आणि बकेटच्या दाताला गाजराचा तुकडा आणि तिळगूळ चिकटवला. तिला या मशीनचं कौतुक आहे. जयदीपने अजून शेडमध्ये पाऊल टाकलेलं नाही आणि ही येता-जाता लोडरवर हात फिरवते.

उद्या ती मंचरला जाते आहे, तात्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे. आठवडाभर रजा टाकली. निघण्याची तयारी सोडून मला म्हणाली, "आप्पा, एवढा आठवडा तरी रोज मारा ना ग्रीस. आणि पुसू नका." मी हसलो. म्हटलं, तू तात्यांकडे बघ, लोडरकडे बघायला मी आहे.

१८ जानेवारी, रविवार

सकाळची कडी येईनाशी झाली. परवा नव्हती, काल नव्हती, आज नाही. थंडी कमी झाल्याचा परिणाम. शास्त्र बरोबरच ठरलं म्हणायचं, पण मनाला जरा चुटपुट आहे.

तनुजाचा रोज फोन येतो. आधी सासूची विचारपूस, मग लोडरची.

२० जानेवारी, मंगळवार

किरकिर परत सुरू. उजव्याच बाजूने.

काल आणि आज वार नसतानाही ग्रीस मारलं. आणखी स्वच्छ पुसलं, जुनं फडकं टाकून नवं घेतलं. काही फरक नाही. ग्रीस तेच, हात तोच, फडकं तर नवं. मला कळेनासं झालं आहे.

२२ जानेवारी, गुरुवार

अकरा वाजता यार्डात बकेट अर्ध्यावर अडकली. उजवीकडची खालची पिन जाम झाली. चार डंपर रांगेत उभे, ड्रायव्हर खाली उतरून तंबाखू मळत बसले. नवनाथने बकेटखाली टेकू लावला, घण घालून पिन काढली, घासली, ग्रीस लावून परत बसवली. अडीच वाजले. साडेतीन तास.

त्या पिनेला ग्रीसचा पॉइंट होता. जाड पत्र्याच्या मागे, खालून, झोपून पाहिल्याशिवाय दिसत नाही असा. चौदावा. मी दोन वेळा मोजून तेरा म्हणालो होतो.

मला एकच गोष्ट उलगडत नाही. हा पॉइंट मी एकदाही भरला नाही, मग पिन दीड महिना चालली कशी? नवनाथला विचारलं. तो पिन फडक्यावर धरून बघत होता. "धा दिसामागं हिच्यात ग्रीस व्हतं," म्हणाला. कारखान्यातून भरून आलेलं असेल आणि आता संपलं असेल. मग त्याने विचारलं, "वहिनी कवा येत्यात?" मला रागच आला. इथे माझं काम जायची वेळ आली आणि याला वहिनी कधी येणार याची चौकशी.

रणजीत साहेब ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते शांतपणे म्हणाले, "काका, एकतीसपर्यंत परत थांबलं तर माझा नाइलाज आहे."

मला भीती वाटते आहे. पायरी काही वाईट नाही, असं मनाला सांगून पाहिलं. पटत नाही.

२४ जानेवारी, शनिवार

काल संध्याकाळी तनुजा आली. तात्या बरे आहेत. मी तिच्याशी धड बोललोही नाही.

रात्री झोप नीट लागली नाही आणि पाचला जाग आली. एरवी मी साडेसहाच्या आत उठत नाही, आणि पेंट शॉपच्या कॉम्प्रेसरने कान तसेही अर्धे नेले आहेत. कस्तुरा अंथरुणात नव्हती. खुंटीवर किल्ली नव्हती. शेडमध्ये उजेड दिसला, म्हणून चपला न घालताच गेलो.

लोडरखाली पोतं अंथरलं होतं. पोत्यावर तनुजा पाठीवर आडवी होती, अंगात जयदीपचा जुना शर्ट, हातात ग्रीसगन. कस्तुरा कंपनीची शाल डोक्यावरून घेऊन बॅटरी धरून उभी होती. तनुजा एक पॉइंट बोटाने साफ करी, गन लावी, कडेने काळं ग्रीस येईपर्यंत दाबी आणि पुढच्याकडे सरके. पुसत नव्हती. मी पाण्याच्या टाकीमागे उभा राहून मोजत होतो. तेरा झाले. मग ती पाठीवर सरकत पत्र्याच्या मागे गेली आणि हात वर घातला. चौदा.

कस्तुरा म्हणाली, "आटप गं, सव्वासाला बस हाय तुझी."

"झालंच, आई. आठ दिवसांत पार कोरडं करून टाकलंय हो."

मी परत येऊन अंथरुणात पडलो. कस्तुराने चहा आणला तेव्हा झोपल्यासारखं केलं. थंडी, लोखंड आकसणं, रणजीत साहेबांच्या वर गेलेल्या भुवया, सगळं एकदम आठवलं आणि पांघरुणात कान गरम झाले. लाज वाटली. पण खोटं कशाला लिहू, लाजेपेक्षा बरं जास्त वाटलं. थंडीच्या दिवसांत दोन बाया माझ्यासाठी पहाटे शेडमध्ये राबत होत्या आणि दिवसभर माझी व्याख्यानं ऐकत होत्या. आणि मी नवनाथला चोर ठरवलं होतं.

संध्याकाळी फडकं घेऊन लोडरपाशी गेलो. चौदा पिना, चौदा काळी कडी, त्यांवर वाळूचा थर. हात शिवशिवत होते. एका कड्याला बोट लावलं. वरची वाळू निघाली, आतलं ग्रीस स्वच्छ होतं. फडकं खांद्यावर टाकून परत आलो. सत्तावीस वर्षांत एवढं अवघड काम केलं नव्हतं.

२६ जानेवारी, सोमवार

सकाळी नवनाथला बोलावून किल्ली परत दिली. म्हटलं, "डब्यांचं मी चुकीचं बोललो. माफ कर." तो किल्लीकडे बघत म्हणाला, "आप्पा, तवाच सांगितलं असतं, पर वहिनींनी शपथ घातली व्हती. तुमाला वाईट वाटंल म्हून." मग दोघांनी वडापाव खाल्ला. पैसे त्यानेच दिले, मला देऊ दिले नाहीत.

जेवताना मी घसा साफ करून सांगितलं, "काळं ग्रीस वाळूत वापरायचं तर बाहेर आलेलं पुसू नये, असा माझा अनुभव आहे. आणि आठवड्यातून दोनदा मारून भागत नाही."

तनुजाने ताटाकडे बघत विचारलं, "असं का, आप्पा?"

"दीड महिन्याच्या निरीक्षणावरून सांगतो."

"मग बरोबरच असेल," ती म्हणाली. कस्तुराला ठसका लागला. खोकला अजून गेलेला दिसत नाही. जयदीप मोबाइलमधून मान वर करून आमच्याकडे बघत होता. त्याला यातलं काही माहीत नाही, आणि कोणी सांगितलंही नाही.

३१ जानेवारी, शनिवार

मशीन थांबलं नाही.

चारला रणजीत साहेब लोडरपाशी आले, वाकून पिना पाहिल्या. उजवीकडच्या खालच्या पिनेसाठी तर गुडघ्यावर बसले आणि पत्र्यामागे बोट घालून आले. बोट काळं झालं. म्हणाले, "त्या दिवसानंतर चांगलंच मनावर घेतलंत, काका. ग्रीसिंग कोण करतं?"

दोन महिने तक्त्यावर माझी सही आहे. "मी," एवढं म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. नवनाथ सीटवरून माझ्याकडे बघत होता.

"माझी सून," मी म्हणालो. "पहिल्या पाळीला जायच्या आधी, रोज. थंडीचं जे मी सांगितलं होतं, ते विसरा."

साहेब हसले नाहीत. "सोमवारी कागद घेऊन या," म्हणाले. "वर्षाचा करार करू. आणि त्यांना सांगा, आमच्या मेंटेनन्सच्या पोरांना एकदा दाखवून जावं."

घरी येऊन शेडमधला तक्ता उतरवला. पट्टी घेऊन चौदावं घर आखलं. सहीच्या जागी लिहिलं: ग्रीस मारणार, तनुजा. त्याखाली एक ओळ वाढवली. गन लावण्याआधी पॉइंटचं तोंड स्वच्छ पुसावं लागतं, नाहीतर वाळू आपणच आत ढकलतो. ते ती बोटाने करते, घाईत. म्हणून लिहिलं: तोंड पुसणार, उद्धवराव. नवं फडकं तक्त्याशेजारी खिळ्याला टांगलं.

कस्तुरा ओट्याशी मेथी निवडत होती. तिच्याशेजारी उभं राहून म्हटलं, "सोमवारपासून पहाटे बॅटरी मी धरीन."

तिने मान वर केली नाही. "बरं झालं," म्हणाली. "टाकीमागं उघड्या पायांनी हुबं ऱ्हान्यापरीस त्ये बरं. आन् चपला घालून या."